कोंबडीच्या जिवाचे मोल

वाचकहो, या लेखाचा विषय प्रथमदर्शनी एखाद्या शेतकी मासिकात शोभावा असा आहे. अंगणातील कोंबडीवर मांजर झडप घालते, आरडाओरडा होतो, मांजर पळते, कोंबडी वाचते. चार पिसे गळालेली असतात. रक्ताचा थेंबही दिसत नाही. घरची माणसे निश्चिंत होतात. दुसऱ्या दिवशी मात्र कोंबडीची एक कूस फुगू लागते. तिसऱ्या दिवशी ती हवा भरलेल्या चेंडूसारखी दिसते, पंख अंगाला टेकत नाहीत, आणि फुगलेल्या कातडीवर बोट दाबले तर खाली कोरड्या पाचोळ्यासारखे काही कुरकुरते. तिच्या शरीरातील एक वायुकोश फाटलेला असतो आणि तिच्याच श्वासाची हवा कातडीखाली कोंडत चाललेली असते. ही हवा एका सुईने काढता येते, आणि घरीही काढता येते. ती आपण काढावी काय, आपल्याला तो अधिकार आहे काय, आणि काढली नाही तर आपण दोषी ठरतो काय, एवढाच आजचा प्रश्न आहे.

हा प्रश्न ख्रिस्ती नियतकालिकात कशाला, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर असे की, स्वतःची उपमा देण्यासाठी प्रभू येशूने ज्या पक्ष्याची निवड केली तो पक्षी कोंबडी आहे. जुन्या करारात देवाच्या सामर्थ्यासाठी गरुड येतो. परंतु यरुशलेमेकडे पाहून हळहळताना प्रभूला पिलांना पंखांखाली घेणारी कोंबडी आठवली (मत्तय २३:३७). गालिलातील घरांच्या अंगणात त्याने ती पाहिली असली पाहिजे. घार आली की ती पळत नाही, पंख पसरून खाली बसते, आणि घाव स्वतःच्या पाठीवर घेते. आपल्यापैकी ज्यांनी कोंबड्या पाळल्या आहेत त्यांना हे सांगावयास नको. वायुकोश फाटलेल्या कोंबड्यांमध्ये अशा पाठीवर घाव घेतलेल्या आयाही असतात.

प्रथम दुखापत नीट समजून घेऊ, कारण न समजता केलेल्या दयेविषयी पुढे बोलावयाचे आहे. पक्ष्याची श्वसनरचना आपल्याहून फार निराळी आहे. आपली फुप्फुसे फुगतात आणि आकसतात. पक्ष्याची फुप्फुसे बरगड्यांना घट्ट चिकटलेली असून जवळजवळ हलत नाहीत. त्याऐवजी छातीत व पोटात पातळ पडद्याच्या पिशव्या असतात, त्यांनाच वायुकोश म्हणतात. कोंबडीत त्या आठ असतात. लोहाराच्या भात्याप्रमाणे त्या हवा ओढतात आणि फुप्फुसातून एकाच दिशेने पुढे ढकलतात. एकदा आत घेतलेली हवा बाहेर पडावयास श्वासाचे दोन फेरे लागतात. या पिशव्यांच्या शाखा काही हाडांतही शिरलेल्या असतात. आपल्याप्रमाणे छाती व पोट यांना विभागणारा स्नायूचा पडदा पक्ष्याला नाही. छातीचे हाड खालीवर हलते तेव्हाच त्याचा श्वास चालतो. म्हणूनच घाबरलेल्या कोंबडीला प्रेमाने छातीशी घट्ट कवटाळणारे मूल तिचा श्वास कोंडत असते. हे पालकांनी मुलांना अवश्य सांगावे.

वायुकोशाचा पडदा इतका पातळ असतो की मांजराचा दात, कुत्र्याची पकड, उंचावरून पडणे, किंवा नुसती आडदांडपणे केलेली धरपकड यांनीही तो फाटू शकतो. बाहेरची कातडी मात्र शाबूत राहते. मग प्रत्येक श्वासाबरोबर थोडी हवा त्या भेगेतून निसटते आणि कातडीखाली साठते. बाहेर जाण्यास वाट नाही.

या रचनेविषयीच्या आपल्या ज्ञानाला एक इतिहास आहे आणि तो सुखद नाही. लंडनचे सुप्रसिद्ध शस्त्रवैद्य जॉन हंटर यांनी १७७४ साली रॉयल सोसायटीपुढे पक्ष्यांच्या शरीरातील हवेच्या पोकळ्यांविषयी एक निबंध मांडला. त्यातील एका प्रयोगात त्यांनी एका कोंबडीच्या पंखाचे मोठे हाड कापले आणि तिची श्वासनलिका बांधून टाकली. कोंबडी त्या कापलेल्या हाडातून श्वास घेऊ लागली. बेशुद्धीचे औषध म्हणून ईथरचा जाहीर उपयोग १८४६ साली झाला. म्हणजे या प्रयोगाच्या वेळी तसे काही उपलब्ध नव्हते. हंटर क्रूर होते असे मी म्हणत नाही. परंतु आज एखादा पशुवैद्य फुगलेल्या कोंबडीकडे पाहून क्षणात निदान करतो, तेव्हा त्या निदानामागे अशा कित्येक कोंबड्यांची वेदना जमा आहे. ते ज्ञान आपल्या हाती आल्यावर ते न वापरता कोंबडीला कोपऱ्यात तडफडत ठेवणे मला अधिकच विचित्र वाटते.

योगायोग पाहा. हंटरच्या निबंधानंतर दोनच वर्षांनी, १७७६ मध्ये, हम्फ्री प्रिमॅट नावाच्या इंग्रज पाळकाने मुक्या प्राण्यांवरील दयेचे कर्तव्य व क्रौर्याचे पाप या विषयावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचे म्हणणे साधे होते: वेदना ही वेदनाच, ती माणसाच्या अंगी असो वा पशूच्या. आणि त्यांनी पुढे जो मुद्दा मांडला तो मला आजही अस्वस्थ करतो. अन्याय सोसलेल्या माणसाला पुढील जीवनात भरपाईची आशा आहे. पशूला ती आशा आहे असे आपण मानत नाही. तर मग पशूला दिलेले दुःख कधीच भरून न निघणारे दुःख ठरते, आणि ते अधिक हलके नव्हे, अधिक भारी होते. पशूला आत्मा नाही म्हणून त्याचे दुःख क्षुल्लक, असे आपल्या मंडळ्यांत सर्रास म्हटले जाते. प्रिमॅटनी तोच धागा हातात घेऊन नेमका उलटा निष्कर्ष काढला. पुढे १८२४ साली लंडनमध्ये प्राण्यांवरील क्रौर्याला प्रतिबंध करणारी संस्था स्थापन झाली, तिचे पहिले चिटणीस आर्थर ब्रूम हेही पाळकच. संस्थेच्या कर्जापायी त्यांना तुरुंगवास घडला, हे फारसे कोणाला ठाऊक नसते.

आता एक प्रत्यक्ष प्रसंग सांगतो. मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी आपल्याच मंडळीतील एक विधवा भगिनी राहतात. बालवाडीत शिकवीत असत, म्हणून सारे त्यांना बाईच म्हणतात. त्यांच्या सहा कोंबड्यांपैकी एका तलंगेला बोक्याने धरले, आणि वर वर्णन केल्याप्रमाणे ती फुगली. मुलगा रविवारी उपासनेसाठी घरी आला होता. तो म्हणाला, "आई, अगं तीनशे रुपयांची कोंबडी. डॉक्टरकडे रिक्षाने न्यायची तर त्याहून जास्त जातील. दुपारी कापू, तीही सुटेल."

बाईंनी उत्तर दिले, "अरे, खायचीच असती तर परवा चांगली होती तेव्हा कापली असती. आज तिला दुखतंय, म्हणून कापायची?"

मुलगा निर्दय नाही. त्याच्या एका वाक्यात दोन कारणे होती, खर्च आणि सुटका, आणि ती दोन्ही खरी होती. पण वाचकहो, ही दोन कारणे एकच अंगरखा घालून येतात. दुखणाऱ्या जिवाला संपवताना आपण त्याची सुटका करीत असतो की आपली, हे ओळखणे फार कठीण आहे. मी त्यासाठी स्वतःला एक प्रश्न विचारतो: उपचार फुकट असता, डॉक्टर दाराशी असता, तरीही मी हेच ठरवले असते काय? उत्तर नाही असे आले, तर दयेचे नाव मागे घ्यावे आणि खर्चाचे नाव उघडपणे घ्यावे. खर्च हे लाजिरवाणे कारण नव्हे. ज्या घरी महिनाअखेर तेल उधार आणावे लागते तेथे कोंबडीसाठी रिक्षा करा असे सांगणारा मी कोण? परंतु खर्चाला दया म्हणू नये.

मोलाविषयी शास्त्र काय सांगते? मत्तयाच्या शुभवर्तमानात एका हलक्या नाण्याला दोन चिमण्या मिळतात. लूकच्या शुभवर्तमानात दोन नाण्यांना पाच. म्हणजे पाचवी चिमणी वरकड, भाजीवाल्याने वर टाकलेल्या कोथिंबिरीसारखी. तिची किंमत शून्य आहे, आणि तीही देवाच्या स्मरणातून सुटत नाही असे प्रभू सांगतो. तुम्ही पुष्कळ चिमण्यांहून मोलवान आहात हेही तो लगेच सांगतो, आणि त्या क्रमवारीविषयी मला शंका नाही. मात्र ज्याला मोलच नाही त्याच्याशी तुलना करून कोणाचे मोल वाढत नाही. शब्बाथ दिवशी खड्ड्यात पडलेल्या मेंढराविषयी बोलताना प्रभूने श्रोत्यांना नवी आज्ञा दिली नाही. ते मेंढरू बाहेर काढतीलच हे त्याने गृहीत धरले. योनाचे पुस्तक तर निनवेच्या जनावरांच्या उल्लेखावरच संपते. आणि ज्यांना शास्त्रापेक्षा सरकारचे भय अधिक त्यांनी हे ध्यानात ठेवावे की, १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याचे तिसरे कलम पाळीव प्राण्याची देखभाल करणाऱ्या प्रत्येकावर त्याच्या सुस्थितीसाठी सर्व वाजवी उपाय करण्याचे कर्तव्य टाकते.

यावर सर्वांत मोठी अडचण अशी की आपण कोंबडी खातो. नाताळला खातो, लग्नात खातो, पाळकसाहेब जेवावयास आले की हटकून खातो. मग एकीला सुई आणि दुसरीला सुरी, हा दांभिकपणा नव्हे काय? या प्रश्नाला मजजवळ गुळगुळीत उत्तर नाही. आल्बर्ट श्वाइट्झर यांनी आफ्रिकेत लांबारेने येथे इस्पितळ चालविताना हाच पेच एका मत्स्यगरुडाच्या पिलाविषयी अनुभवला. ते पिलू त्यांनी स्थानिक लोकांकडून सोडवून घेतले. आता ते जगवावयाचे तर रोज कित्येक लहान मासे मारणे भाग होते. त्यांनी पिलू जगवले आणि माशांचा भार मनावर घेतला. तो भार तत्त्वज्ञानाने उडवून लावला नाही, ही त्यांची थोरवी. गाईसाठी हजार फुले कापणाऱ्या शेतकऱ्यानेही घरी परतताना रस्त्याकडेचे एक फूल उगाच छाटू नये, असे ते म्हणत. गरज आणि निष्काळजीपणा यांत त्यांनी जी रेघ ओढली, तीच बाईंनी आपल्या मुलासमोर ओढली होती. भुकेसाठी मारणे एक, आणि कटकट नको म्हणून मारणे दुसरे. कोंबडीला शेवटी दोन्ही सारखेच, असे तुम्ही म्हणाल. कोंबडीला असेल, पण सुरी तिच्या हातात नसते.

एक लहानसा आक्षेप येथेच निकाली काढतो. सरकारी इस्पितळाबाहेर माणसे रांगेत असताना कोंबडीची काय सेवा, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांपैकी रांगेतील माणसाला पाणी नेऊन देणारे फार थोडे असतात.

आता सुईकडे वळू. दया असली म्हणजे पुरते, असे समजून जो कोणी कोंबडीच्या अंगात दाभण खुपसतो, त्याच्या हातून मांजराहून अधिक हानी होऊ शकते. दीड किलोच्या कोंबडीच्या अंगातील सारे रक्त जेमतेम शंभर-सव्वाशे मिलिलिटर, म्हणजे चहाच्या एका कपाइतके असते. त्यातील दोन चमचे सांडणे ही तिच्यासाठी मोठी गोष्ट आहे. शिवाय प्रत्येक फुगवटा हवेचाच असतो असे नाही. मानेच्या बुडाशी दाण्याची पिशवी असते, ती दाणे खाल्ल्यावर फुगतेच. पोटात पाणी साचूनही पोट लोंबते. तेथे सुई घालावयाची नाही. डोके, तुरा, गलोल सुजून एकामागून एक कोंबड्या मरू लागल्या, तर ते प्रकरणच निराळे. तेथे घरगुती उपाय न करता, मेलेल्या पक्ष्यांना हात न लावता, ताबडतोब पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला २००६ च्या फेब्रुवारीत बर्ड फ्लू आला तेव्हा कुक्कुटपालकांनी काय पाहिले, हे तेथील आपले बांधव सांगू शकतील.

हवेचा फुगवटा असेल तर कातडी हलकी, ढिली, फुग्यासारखी लागते आणि बोटाखाली कुरकुरते. तो लहान असेल, कोंबडी खात-पीत असेल आणि श्वास शांत असेल, तर काहीही न करणे हाच उत्तम उपचार. तिला इतर कोंबड्यांपासून दूर, डालग्याखाली, सावलीत ठेवावे; उडी मारावी लागू नये म्हणून बसण्याची जागा जमिनीलगत असावी. आतील भेग पुष्कळदा काही दिवसांत आपोआप मिटते. कधी दोन-तीन आठवडेही लागतात. फुगवटा वाढून तिला चालणे किंवा श्वास घेणे जड जाऊ लागले, तर मात्र हवा काढावी लागते. एकाने तिला टॉवेलात सैलसर गुंडाळून सरळ धरावे. उताणी करू नये. दुसऱ्याने हात स्वच्छ धुऊन, फुगवट्याच्या सर्वांत उंच जागी पिसे बाजूला सारून, पोव्हिडोन आयोडीनने ती जागा पुसावी. उजेडात कातडीतील निळ्या-तांबड्या शिरा दिसतात, त्या टाळाव्यात. कातडी चिमटीत अंगापासून वर उचलावी आणि इंजेक्शनची नवी निर्जंतुक सुई तिरकी, केवळ कातडीपुरती घालावी. सरळ खाली कदापि नाही. हवा सुस्कारत बाहेर येते. दुसऱ्या हाताने अगदी हलका दाब द्यावा. इतकेच.

सुईचे भोक लवकर मिटते आणि दुसऱ्या दिवशी फुगवटा बहुधा परत येतो. त्याने निराश होऊ नये. वारंवार भरू लागले तर पशुवैद्य कातडीला जरा मोठी चीर देऊन ती काही दिवस उघडी ठेवतात, म्हणजे आतील भेग भरेपर्यंत हवा बाहेर जात राहते. ती चीर घरी देऊ नये. मांजराने चावले असेल तर त्याच्या तोंडातील जंतू पक्ष्याला फार घातक असतात. जखम दिसो वा न दिसो, त्याच दिवशी डॉक्टरांकडून प्रतिजैविक घ्यावे, आणि औषध चालू असताना व नंतर ते सांगतील तितके दिवस अंडी खाऊ नयेत. आपल्या घरातील दुखण्याच्या गोळ्या अंदाजाने तिला देऊ नयेत. कोंबडी घेऊन दवाखान्यात गेलात तर बाकावरील चार माणसे हसतील. हसू द्यावे.

चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात आपण त्याच्या दयेविषयी पुष्कळ बोलतो, त्याच्या कौशल्याविषयी कमी. त्याच्याजवळ तेल व द्राक्षारस होता, आणि जखम कशी बांधावी हे त्याला येत होते. जेवढे आपल्याने होईल तेवढे त्याने वाटेवर केले, आणि पुढचे काम उतारशाळेच्या माणसाच्या हाती, पैसे देऊन, सोपविले. मला हा दाखल्याचा फार मोलाचा भाग वाटतो. आपला हात कोठे थांबतो हे त्या माणसाला ठाऊक होते.

बाईंनी सुई स्वतः टोचली, मुलाने कोंबडी धरली. तालुक्याच्या डॉक्टरांनी पहिल्या वेळी समोर उभे राहून दाखविले, पुढच्या दोन वेळा माय-लेकांनी घरीच केले. मुलगा मला पुढे म्हणाला की त्याला सर्वांत जड गेले ते हवा काढणे नव्हे; कोंबडीचा डोळा. तिला कळत नव्हते की ही माणसे तिला बरी करीत आहेत. तिच्या लेखी बोका गेला होता आणि हे दोघे आले होते. येथे देवाच्या ताडनाविषयी उपदेश करण्याचा मोह कोणालाही होईल. मी तो आवरतो, कारण उपदेश जोडला की आपण कोंबडीकडे पाहणे सोडून देतो, आणि तो डोळा तर पाहावयासच हवा. जो प्राणी आपला हेतू कधीच समजू शकणार नाही, आपले आभार मानणार नाही, ज्याला संमती विचारता येत नाही, त्याच्या अंगात सुई घालण्याचा अधिकार कोठून येतो? माझ्या मते, तो आपण त्याला खुराड्यात घेतले त्या दिवसापासून येतो. रानकोंबडीला बोक्याने धरले असते तर तिच्यापुढे झाडावर उडून बसण्याची वाट होती. आपल्या कोंबडीला आपण भिंत दिली, कणी दिली आणि तिची वाट काढून घेतली. तिच्या जागी निर्णय घेणे हा मग आपला मान राहत नाही, ते आपल्यावरचे देणे ठरते.

आणि कधी कधी निर्णय दुसरा असतो. कोंबडी चोच उघडून श्वास घेते आहे, प्रत्येक श्वासाला शेपटी खालीवर होते आहे, दोन दिवस दाण्याला तोंड लावलेले नाही, जखमेला वास येतो आहे आणि डॉक्टरांनी मान हलविली आहे, अशा वेळी "देवाची इच्छा" म्हणून तिला डालग्याखाली झाकून ठेवणे याला मी श्रद्धा म्हणणार नाही. आपल्याकडून बघवत नाही म्हणून आपण झाकतो. तिला लवकर व एका घावात मरण देणे हे तेव्हा आपले काम असते, आणि ते ज्याला येते त्यानेच करावे. ज्याने आयुष्यात कधी मान मोडली नाही अशा कनवाळू माणसाच्या थरथरत्या हातापेक्षा गल्लीतल्या खाटकाचा हात त्या घटकेला अधिक दयाळू असतो. त्याला बोलवावे, त्याच्या श्रमाचे पैसे द्यावेत, आणि मांस खाऊ नये, पुरावे. त्याच्याकडे न्यावी लागली तर नेहमीच्या सवयीने पाय धरून उलटी नेऊ नये. उलट्या कोंबडीचे आतडे वायुकोशांवर येऊन बसते, आणि फाटक्या कोशाच्या कोंबडीला तर तेवढ्या वाटेवरही श्वास पुरत नाही. टोपलीत, सरळ बसवून, वरून फडके टाकून न्यावी.